आपलेच दात, आपलेच ओठ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी दातांविषयी बोलण्याची कामगिरी कार्यकारिणीने माझ्यावर सोपविली, तेव्हा मला प्रथम संकोचच वाटला. कालचा नाट्यसंगीताचा कार्यक्रम आणि उद्याचे स्नेहभोजन यांच्यामध्ये दंतवैद्याचे भाषण ऐकण्यास कोण येणार, असे मनात आले. परंतु सभागृह भरलेले पाहून इतकेच म्हणते, की उद्याच्या पंगतीचा विचार करूनच आपण आज दातांची विचारपूस करण्यास आला असाल.

माझा विषय आहे दंतरक्षक. खेळताना अथवा झोपताना दातांवर बसविण्याचे, ज्याच्या त्याच्या तोंडाच्या मापाने घडविलेले एक लहानसे आवरण. खेळाडू त्याला ‘माउथगार्ड’ म्हणतात. रात्री वापरावयाचे ते ‘नाइट गार्ड’. वस्तू क्षुल्लक दिसते. परंतु तिच्याविषयी बोलायचे तर मला माझ्या घरापासूनच प्रारंभ केला पाहिजे. कारण या वस्तूची खरी किंमत मला महाविद्यालयात कळली नाही, ती घरात कळली आणि तीही उशिरा.

जामुलचा सिमेंट कारखाना १९६५ साली सुरू झाला. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी त्यापूर्वी सहा वर्षे, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पेटली होती. तिच्यातून निघणारी मळी आणि इकडचा चुनखडीचा दगड यांतून येथे सिमेंट होऊ लागले आणि अनेक मराठी कुटुंबांप्रमाणे आमचेही कुटुंब विदर्भातून येथे येऊन स्थिरावले. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शेजारी छत्तीसगढी अशा तीन भाषांत आम्ही मुले वाढलो. वडिलांना तीन पाळ्यांची नोकरी होती. दोन खोल्यांच्या घरात आम्ही सर्व भावंडे एका ओळीत झोपत असू. अंधारात ऐकू येणारा एक आवाज मला अजून आठवतो. जात्यात खडे सापडावेत, तसा करकर आवाज. वडील झोपेत दात खात असत. आई म्हणायची, “पोटात जंत असतील,” आणि सकाळी त्यांना वावडिंगाचा काढा द्यायची. त्यांचे घोरणेही मोठे होते. त्या घोरण्याचा सूर मध्येच तुटे, काही क्षण अगदी शांतता पसरे आणि मग ते मोठा हुंकार देऊन पुन्हा घोरू लागत. आम्ही मुले हसून म्हणत असू, “बाबांची गाडी सिग्नलला थांबली होती, आता सुटली.”

दिवसा ते बसल्या बसल्या पेंगत. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नौका येण्यापूर्वीच त्यांची मान कलंडे आणि त्यावरूनही थट्टा होई. रात्रपाळीचा शिणवटा, असे सारेच समजत. उतारवयात त्यांना रक्तदाब जडला आणि पुढे अर्धांगाचा झटका आला. तोपर्यंत मी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातून शिकून येथे व्यवसाय करू लागले होते. वडिलांचे झिजून बुटके झालेले दात मी स्वतः पाहिले होते, त्यांवर उपचारही केले होते. परंतु त्या झिजलेल्या दातांचा, तुटणाऱ्या घोरण्याचा आणि दिवसाच्या पेंगण्याचा एकत्र विचार माझ्या मनात आला नाही. त्यांच्या दुखण्याचे कारण एवढेच होते, असे मी म्हणणार नाही. परंतु एका दंतवैद्याने विचारावयास हवे होते ते प्रश्न मुलीने विचारले नाहीत, एवढे खरे.

आता मुख्य विषयाकडे वळते. तोंडात बसविण्याची म्हणून लोक ज्यांना एकच समजतात, अशी साधने प्रत्यक्षात तीन आहेत आणि त्यांची गल्लत झाली तर लाभाऐवजी हानी होते. पहिले, खेळाडूचे दंतरक्षक. ते बाहेरून येणारा आघात झेलते. दुसरे, झोपेत दात खाणाऱ्याचे. ते दातांचे दातांपासूनच रक्षण करते. तिसरे, घोरणाऱ्याचे, त्याचा संबंध दातांशी कमी आणि श्वासाशी अधिक आहे.

प्रथम खेळाडूचे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये वुल्फ क्राउझ नावाचे एक दंतवैद्य होते. मुष्टियोद्ध्यांचे ओठ त्यांच्या स्वतःच्याच दातांवर आपटून फाटतात, हे पाहून त्यांनी वरच्या पुढच्या दातांवर गटापर्चाच्या पट्ट्या बसविण्यास सुरुवात केली. आपल्याकडे ‘आपलेच दात आणि आपलेच ओठ’ असे म्हणतात, त्याचा शब्दशः प्रत्यय मुष्टियुद्धाच्या रिंगणात येतो. गटापर्चा म्हणजे मलाया प्रदेशातील एका वृक्षाचा चीक. आपल्यापैकी ज्यांचे रूट कॅनाल झाले असेल, त्यांच्या दाताच्या मुळात आजही तोच भरलेला असतो. क्राउझ यांचे चिरंजीव फिलिप यांनी पुढे हे साधन अधिक सुधारले. प्रसिद्ध मुष्टियोद्धे टेड ‘किड’ लुइस हे ते वापरणाऱ्या पहिल्या व्यावसायिकांपैकी होत. हा अन्याय्य फायदा आहे, अशी ओरड त्या काळी प्रतिस्पर्ध्यांनी केली होती. आज मात्र दंतरक्षकाविना मुष्टियोद्ध्याला रिंगणात उतरूच देत नाहीत. हौशी मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी तांबड्या रंगाचे दंतरक्षक वर्ज्य ठरविले, त्यामागेही विचार आहे : तोंडातून रक्त येत असेल, तर ते पंचांना दिसले पाहिजे.

मुष्टियुद्धापुरताच याचा उपयोग आहे, असे मात्र नाही. न्यूझीलंडमध्ये रग्बीच्या देशांतर्गत सामन्यांत सर्व स्तरांवर दंतरक्षक १९९८ पासून सक्तीचे झाले. १९९५ ते २००३ या काळात तेथे रग्बीतील दातांच्या इजेबद्दल होणारे भरपाईचे दावे सुमारे ४३ टक्क्यांनी घटले. आपल्या मुलांच्या खेळांकडे पाहा. हॉकीची काठी, हुतूतूतील गुडघा, बास्केटबॉलमधील कोपर, कुस्तीतील डोके, यांपैकी काहीही ओठावर बसू शकते. भिलाईच्या मुलींनी तर बास्केटबॉलमध्ये राष्ट्रीय स्तरावर नाव मिळविले आहे. आपल्या कितीतरी घरांतील मुली तो खेळ खेळतात.

आघाताचे कार्य समजून घेतले, म्हणजे उपायही समजतो. कठीण वस्तू दातावर आदळते, तेव्हा सारा जोर एका बिंदूवर एकवटतो आणि दात तुटतो किंवा मुळासकट निखळतो. मध्ये तीन-चार मिलिमीटर जाडीचा लवचीक थर असेल, तर तो काही जोर स्वतः शोषतो आणि उरलेला अनेक दातांवर वाटून देतो. शिवाय ओठ व गाल दातांपासून दूर राहतात आणि खालचा जबडा वरच्यावर थेट आपटत नाही. मेंदूला बसणारा हादराही याने टळतो, असे काही विक्रेते सांगतात. त्याविषयीचा पुरावा निर्विवाद नाही. तेव्हा दंतरक्षक घातले म्हणून शिरस्त्राण काढावे, असे कोणी करू नये.

बाजारात दंतरक्षके तीन प्रकारची मिळतात. पहिले तयार मापाचे. ते तोंडात सैल राहते, दात आवळून धरावे लागते, बोलता येत नाही आणि श्वासही कोंडतो. दुसरे गरम पाण्यात मऊ करून स्वतःच चावून बसविण्याचे. ते पहिल्यापेक्षा बरे, परंतु चावताना नेमके जेथे जाडी हवी तेथेच ते पातळ होते. तिसरे दंतवैद्याने मापाने केलेले. ते कसे होते, हे मुद्दाम सांगते. कारण येथे कारखान्यातील मंडळी बहुसंख्य आहेत आणि त्यांना वस्तू कशी घडते, हे कळल्याविना समाधान होत नाही.

समुद्रातील शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेट नावाच्या भुकटीत पाणी घालून केलेला लगदा साच्यात भरून वरच्या दातांवर धरतात. दोन-तीन मिनिटांत तो रबरासारखा घट्ट होतो आणि दातांचा हुबेहूब ठसा मिळतो. त्या ठशात दंतशिलेचे मिश्रण ओततात. ही दंतशिला म्हणजे जिप्समचाच एक प्रकार. आपल्याला जिप्सम परके नाही : सिमेंट अकाली आवळू नये, म्हणून क्लिंकर दळताना ते मिसळतात, आमच्या प्रयोगशाळेत मात्र ते आवळावे, एवढ्यासाठीच आणतात. प्रतिकृती वाळली, की इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट या लवचीक प्लॅस्टिकचा तक्ता तापवून निर्वात यंत्राने अथवा हवेच्या दाबाने तिच्यावर बसवितात. मग कडा छाटून, हिरडीला टोचणार नाहीत अशा गुळगुळीत करतात, ओठाच्या शिरेसाठी खाच ठेवतात आणि खालचे दात सर्व बाजूंनी सारखे टेकतात की नाही, ते तोंडात घालून पाहतात. असे दंतरक्षक तोंड उघडले तरी गळून पडत नाही आणि खेळाडूला सोबत्यांशी बोलता येते.

हे सारे मला ठाऊक होते, तरीही दिव्याखाली अंधार होता. माझी मुलगी शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळत असे. एकदा माझ्या मनात आले होते, की हिचा ठसा घ्यावा. परंतु बास्केटबॉल म्हणजे काही मुष्टियुद्ध नव्हे, असे म्हणून मी ते लांबणीवर टाकले. ती चौदा वर्षांची असताना सरावात एका मैत्रिणीचे कोपर लागून तिचा वरचा पुढचा दात मुळासकट निखळला. मी त्या दिवशी रायपूरला गेले होते. घरी माझी आई होती. नात रडत आली, तेव्हा तिने तो दात हाती घेतला, त्याला माती लागली होती म्हणून राखुंडीने घासून अगदी लख्ख केला, कोरड्या रुमालात बांधला आणि देवघरात ठेवला. मी संध्याकाळी परतले, तेव्हा तिने मोठ्या विश्वासाने तो माझ्या हाती दिला व म्हणाली, “स्वच्छ करून ठेवलाय बघ. आता बसव.”

तो बसविण्याजोगा राहिला नव्हता. दाताच्या मुळावर जिवंत पेशींचे अतिशय नाजूक आवरण असते. ते शाबूत असेल, तरच दात हाडात पुन्हा धरतो. कोरडे पडले किंवा घासले गेले, की ते मरते. आईला मी यातले काही सांगितले नाही. ती गेली, तोवर तिची समजूत हीच होती, की दात फार जोराने निघाल्यामुळे बसला नाही. तिने जे केले ते मायेने केले. तिला ते शिकविण्याचे काम माझे होते आणि घरात वीस वर्षे दंतवैद्य असूनही ते झाले नव्हते. म्हणून त्या दिवसापासून मी ही गोष्ट जेथे जाईन तेथे सांगते. आज आपणही कृपया ती लक्षात ठेवावी.

कायमचा दात निखळला, तर तो शोधून काढा. त्याला केवळ वरच्या पांढऱ्या भागाने धरा. मुळाला हात लावू नका. माती लागली असल्यास दुधाने किंवा वाहत्या गार पाण्याने क्षणभर धुवा, घासू नका. शक्य असेल तर तेथल्या तेथे त्याच्या जागी बसवा आणि मुलाला स्वच्छ रुमाल हलकेच चावून धरावयास सांगा. ते जमत नसेल, तर दात थंड दुधात ठेवा आणि तातडीने दंतवैद्याकडे जा. पहिला अर्धा तास मोलाचा, फार तर एक तास. दुधाचा दात पडल्यास मात्र तो पुन्हा बसवू नये. खालच्या कायमच्या दाताला इजा होण्याचा संभव असतो. वाढत्या वयात जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत कृत्रिम दात हाडात रोवता येत नाही. माझ्या मुलीने कॉलेजची सारी वर्षे एका दाताच्या काढघाल कवळीवर काढली आणि त्या काळातील तिच्या बहुतेक छायाचित्रांत तिचे ओठ मिटलेले आहेत.

आता रात्रीकडे वळू. झोपेत दात खाणे म्हणजे चावण्याच्या स्नायूंचे झोपेतील अनैच्छिक आकुंचन. जंतांमुळे ते होते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु जंत असतील तर त्यांचे औषध घ्यावे, दात खाण्याचा उपाय म्हणून घेऊ नये. मानसिक ताण, झोपेतील व्यत्यय, चहा-कॉफीचा अतिरेक, तंबाखू, मद्य आणि मनोविकारांवरील काही औषधे यांचा त्याच्याशी संबंध आढळतो. आज दिवसा, उद्या रात्री अशी झोपेची वेळ बदलत राहणाऱ्यांनी तर विशेष लक्ष ठेवावे. सकाळी जबडा आखडलेला असणे, कानशिलांत दुखणे, दातांची टोके सपाट होणे, थंड पाणी झोंबणे, ही त्याची लक्षणे. जे सिमेंटच्या किंवा दगडाच्या धुळीत काम करतात, त्यांच्या दातांच्या झिजेला तोंडात जाणारी बारीक धूळही हातभार लावते. त्यांनी काम संपताच चूळ भरण्याची सवय ठेवावी.

यावरील रात्रीचे दंतरक्षक खेळाच्या दंतरक्षकाप्रमाणे मऊ नसते. बहुधा ते कठीण ॲक्रिलिकचे असते. कारण मऊ वस्तू तोंडात आली, की काही जण ती अधिकच चावू लागतात. खेळाचे दंतरक्षक रात्री घालून काम भागविणे म्हणूनच योग्य नव्हे. दुसरी गोष्ट अशी, की या साधनाने दात खाणे थांबत नाही. झीज दातांऐवजी त्या आवरणाची होते, इतकेच. आणि आवरण पुन्हा करता येते, दाताचे कवच पुन्हा उगवत नाही, हाच त्याचा खरा लाभ. लहान मुले झोपेत दात खातात, त्याने आईवडिलांनी घाबरू नये; बहुतेकांची ती सवय वयाबरोबर जाते आणि वाढत्या जबड्यावर असे आवरण सरसकट बसवीत नाहीत.

तिसरा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घोरणे म्हणजे गाढ झोप, ही आपली समजूत कुंभकर्णाच्या कथेइतकी जुनी आहे. साधे घोरणे पुष्कळदा निरुपद्रवी असते. परंतु घोरता घोरता श्वास दहा सेकंद वा अधिक काळ अडत असेल आणि असे तासाला पाच किंवा अधिक वेळा घडत असेल, तर तो झोपेतील श्वासरोध होय. तासाला पंधरापर्यंत तो सौम्य, तीसपर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र मानतात. प्रत्येक वेळी प्राणवायू उणा पडतो, मेंदू दचकून जागा होतो आणि रक्तदाब वाढतो. माणसाला सकाळी यातले काहीच आठवत नाही. ते ठाऊक असते फक्त शेजारी झोपलेल्याला. म्हणून या रोगाचा पहिला साक्षीदार पत्नी, पती किंवा मुले हीच असतात. त्यांनी हसू नये, सांगावे.

झोपेच्या तपासणीने निदान होते. तीव्र विकारावर नाकावाटे सौम्य दाबाने हवा देणारे यंत्र वापरतात. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ साली जगापुढे मांडले. सौम्य व मध्यम विकारात, किंवा ज्यांना ते यंत्र सोसत नाही त्यांच्यासाठी, दंतवैद्य वरच्या व खालच्या दातांवर मिळून एक जोड-साधन करून देतात. ते खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवते. त्याबरोबर जीभही पुढे येते आणि घशातील वाट मोकळी राहते. प्रारंभी लाळ सुटते, जबडा दुखतो. काही वर्षांनी दात किंचित सरकण्याचाही संभव असतो, म्हणून नियमित तपासणी लागते. तोंडात पुरेसे भक्कम दात नसतील, तर ते बहुधा बसवीत नाहीत. आणि एक इशारा : केवळ दात झिजलेले पाहून रात्रीचे साधे आवरण करून घेऊ नका. काही रुग्णांत अशा आवरणाने श्वासरोध वाढतो. मी स्वतः आता प्रत्येक झिजलेल्या दातांच्या माणसाला प्रथम विचारते : “आपण घोरता का? घोरणे मध्येच थांबते का? दिवसा डुलकी लागते का?” हे तीन प्रश्न मी माझ्या वडिलांचे ऋण म्हणून विचारते.

निगेविषयी थोडेसे. वापर झाल्यावर दंतरक्षक गार पाण्याने धुवावे, मऊ ब्रशने साफ करावे आणि भोके असलेल्या डबीत ठेवावे. ऊन पाण्याने किंवा उन्हात ठेवलेल्या मोटारीत त्याचा आकार बिघडतो. ते दुसऱ्याचे वापरू नये, भावाचेसुद्धा नाही. मुलांचे दात बदलत असतात, तेव्हा दरवर्षी ते नीट बसते का, हे पाहून घ्यावे. दातांना तारा लावलेल्या खेळाडूंनी तर याविना खेळूच नये. पण त्यांचे दंतरक्षक निराळ्या पद्धतीने करावे लागते, हे दंतवैद्याला आधी सांगावे.

यासाठी आता नागपूरपर्यंत जावे लागत नाही. भिलाई, दुर्ग, राजनांदगाव आणि रायपूर येथे दंत महाविद्यालये आहेत. सामन्यांच्या मोसमापूर्वी मुलांना घेऊन जाणे, एवढेच आपल्याला करावयाचे आहे.

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती. गणेशोत्सवातील आपल्या क्रीडास्पर्धांच्या वेळी मैदानावर प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी थंड दुधाची एक पिशवी ठेवावी आणि निखळलेल्या दाताविषयी मी सांगितलेल्या चार ओळी मराठीत व हिंदीत लिहून फलकावर लावाव्यात. स्पर्धा संपेपर्यंत पिशवी तशीच उरली, तर तिचा चहा करून सर्वांनी घ्यावा; त्याहून चांगला शेवट नाही.

माझी मुलगी आज पुण्यात असते. गेल्या महिन्यात तिने आपल्या मुलाच्या दंतरक्षकासाठी ठसा घेतला आणि त्याचे छायाचित्र मला पाठविले. निळ्या रंगाचे आवरण दातांवर चढवून नातू तोंड भरून हसतो आहे. शेजारी त्याची आई आहे. तिचेही ओठ मिटलेले नाहीत.